डिशरूममध्ये बोलतेस ती तूच ना?

मावशी,

मी कराडजवळच्या गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीनंतर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अमेरिकेत आले. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांमधलं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज आहे, सगळी मिळून १७०० मुलं. माझं पहिलंच वर्ष. धर्म आणि समाज असा एक कोर्स घेतलाय. वर्गात आम्ही १३ जण, एका लांबट टेबलाभोवती. प्रोफेसरही तिथंच बसतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. बोलायचं आम्ही. २० टक्के मार्क त्या बोलण्याला. मी सगळं दोनदा वाचून जाते, तरी तोंड उघडत नाही. मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. काही मुलं न वाचता येतात आणि बिनधास्त बोलतात. मागच्या आठवड्यात तीर्थयात्रांवर चर्चा होती. मी आजीबरोबर लोणंदपासून फलटणपर्यंत वारीत चाललेय, तरी तासभर गप्प बसले.

तीन आठवड्यांपूर्वी प्रोफेसरांनी माझ्या पेपरखाली लिहिलं की लिखाण फार चांगलं आहे, पण वर्गाला तुझे विचार ऐकायला मिळत नाहीत, मला येऊन भेट. मी गेले नाही. इथं डायनिंग हॉल एकच आहे आणि वर्गातली सगळी तिथंच असतात, म्हणून हल्ली जेवण डब्यात भरून खोलीवर नेते. (माझी नोकरी त्याच हॉलच्या डिशरूममध्ये, म्हणजे भांडी धुण्याच्या खोलीत आहे, आठवड्याला ८ तास. तिथं मात्र माझी बडबड चालू असते.) रात्री झोप लागत नाही. हा कोर्स सोडावासा वाटतो. माझा मावसभाऊ एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. तिथं लेक्चरला ३०० मुलं, कोणी कोणाला काही विचारत नाही, मराठी मुलंही पुष्कळ. तिकडं ट्रान्सफर घेऊ का? आईबाबांना सगळं छान चाललंय म्हणून सांगितलंय.

– टेबलाशी गप्प बसणारी

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंस. डिशरूममध्ये तुझी बडबड चालू असते. कुठल्या भाषेत गं? आयोवात कराडची बोली कळणारं कोणी भेटलं असेल असं वाटत नाही, म्हणजे इंग्रजीतच. वाफेत, घाईत, ट्रे मशीनमध्ये सारता सारता तू इंग्रजीत गप्पा मारतेस, चेष्टा करतेस, कोणाचं काही चुकलं तर ओरडतही असशील. म्हणून भाषेचा दोष मी मान्य करणार नाही. डिशरूममध्ये तुझं वाक्य कोणी तपासत नाही. टेबलापाशी प्रत्येक वाक्याला मार्क आहेत असं तुला वाटतं, आणि तिथंच सगळं अडतं.

आधी त्या ‘येऊन भेट’विषयी. आपल्याकडे सरांनी किंवा बाईंनी भेटायला बोलावलं की पोटात गोळा येतो. स्टाफरूमच्या दारात उभं राहायचं म्हणजे हजेरी कमी भरली असणार, नाहीतर पालकांना बोलावणं जाणार. बारा वर्षं हेच अंगवळणी पडलेलं असताना तू तीन आठवडे पाय मागे घेतलेस, यात नवल नाही. पण तिथं त्या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसवर ऑफिस अवर्स लिहिलेले असतात. त्या वेळात प्रोफेसर विद्यार्थ्यांसाठीच बसलेले असतात, आणि अनेकदा कोणी फिरकतही नाही. अशा कॉलेजात जवळजवळ सगळे पदवीचेच विद्यार्थी असतात. प्रोफेसरांच्या जागी तास घ्यायला पीएचडी करणारी मुलं नसतात, शिकवणं हे त्यांचं मुख्य काम असतं. तुझा पेपर त्यांनी स्वतः वाचला, त्यातली तू त्यांना आवडलीस आणि वर्गात ती मुलगी दिसेना म्हणून त्यांनी तुला हाक मारली. मला तरी त्या ओळींत राग कुठं दिसत नाही.

हे मी इतक्या खात्रीनं का लिहिते, ते सांगते. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या छोट्या कॉलेजांच्या संघाचा एक कार्यक्रम पुण्यात अनेक वर्षं चालायचा. तिकडची मुलं इथं येऊन मराठी शिकायची आणि मराठी घरांत राहायची. (या कॉलेजांचं आणि आपलं नातं तसं जुनंच. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर झेलियट मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात इतिहास शिकवायच्या.) आमच्याकडेही एक मुलगी राहिली होती, नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची. पहिला दीड महिना ‘हो’, ‘नको’ आणि ‘छान’ यापलीकडे तिची गाडी जाईना. क्लासमध्ये तिला सगळं यायचं, जेवायला बसली की गप्प. एका संध्याकाळी ती सासूबाईंबरोबर मेथी निवडायला बसली आणि एकदम बोलायला लागली. लिंग चुकत होतं, क्रियापद चुकत होतं. सासूबाईंनी एकही चूक काढली नाही, फक्त पुढे काय झालं ते विचारत राहिल्या. नंतर तिनं मला सांगितलं की तिच्या कॉलेजातही पहिल्या सत्रात ती अशीच मुकी होती. इंग्रजी तिची मातृभाषा, तरीही. तिच्या गावात ‘मला असं वाटतं’ म्हणायची पद्धतच नव्हती म्हणे. तेव्हा हे मराठी माध्यमामुळे झालं असं समजून स्वतःला बोल लावू नकोस.

न वाचता बोलणाऱ्या मुलांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. पण एवढं बघ: आपल्याला शिकवलंय की उत्तर तयार झालं की मग हात वर करायचा. त्या टेबलाशी कच्चा विचारही मांडलेला चालतो, त्याला दुसरा धक्का देतो, तिसरा वळवतो आणि बोलता बोलता तो पक्का होतो. तू पक्कं वाक्य घेऊन येईपर्यंत गाडी सुटणारच. म्हणून तुझ्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे तासाची सुरुवात. तेव्हा कोणाच्या मागून धावायचं नसतं. आदल्या रात्री एकच गोष्ट कागदावर लिहून ने, पान क्रमांकासकट. अमुक पानावरचं हे वाक्य मला पटलं नाही, किंवा कळलंच नाही. न कळल्याचा प्रश्न विचारणं हेही बोलण्यातच धरतात. ही युक्ती त्या नेब्रास्कावालीची, माझी नव्हे.

आता वारीबद्दल, कारण ते वाचून मला खरोखर हळहळ वाटली. तीर्थयात्रांवर चर्चा चालू होती आणि त्या टेबलाशी बसलेल्या १३ जणांत पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत पोचणाऱ्या त्या वाटेवर प्रत्यक्ष चाललेली तू एकटी असणार. लोणंदहून निघालीस म्हणजे चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण तू पाहिलंस. घोडा धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, ते पाहिलंस. तुझ्या आजीनं लावली असेल. तुझ्या वर्गमित्रांनी हे फार तर पुस्तकात वाचलं असेल. आणि एक सांगते. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेला एक लेख इंग्रजीत १९६२ साली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला होता. वारीतला आनंद त्यात आहेच, पण एकाच पालखीबरोबर चालणारी माणसं जातीप्रमाणे वेगळी जेवतात, याची बोचही आहे. तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत तो सहज मिळेल. तो वाच आणि प्रोफेसरांना दाखव. तू पाहिलेल्या दिंडीत कसं होतं, एवढं सांगितलंस तरी त्या कोर्सला काहीतरी मिळेल. चर्चा मागच्या आठवड्यात संपली म्हणून काय झालं? ‘मला त्या दिवशी बोलायचं होतं, जमलं नाही’ असं म्हणून विषय परत काढता येतो.

कोर्स लगेच सोडू नकोस. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी राहावं लागतं, पदवीला म्हणजे साधारण सत्राला १२ क्रेडिट्स. सोडायचाच झाला तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचार, मग अर्ज भर.

ट्रान्सफरचं म्हणशील तर मोठ्या युनिव्हर्सिटीला मी नावं ठेवणार नाही. तुला तिथला विषय हवा असेल, आपल्या माणसांत राहायचं असेल, तर जा. पण सध्याच्या कॉलेजची शिष्यवृत्ती तुझ्याबरोबर येणार नाही, आणि ट्रान्सफर घेणाऱ्या परदेशी मुलांना मदत फार थोड्या ठिकाणी मिळते. हा हिशेब बाबांबरोबर बसून करावा लागेल. शिवाय ३०० जणांच्या लेक्चरनंतर तिथंही अनेक कोर्सना २०-२५ जणांचे चर्चेचे तास असतात. मावसभावाला विचार. या सत्राच्या शेवटी, निदान सहा-सात वेळा त्या टेबलाशी बोलून झाल्यावरही जावंसं वाटलं, तर तुझा निर्णय मी मानेन. आज तू पळायचं म्हणतेस, आणि पळताना जागा नीट निवडली जात नाही.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. आयोवात डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. सातारच्या उन्हात वाढलेल्या मुलीला पहिला हिवाळा जड जातोच, त्यात एकटीनं खोलीत जेवण. कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ या आठवड्यातच घे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि आईला एकदा खरं सांग. सगळं नको, ‘वर्गात बोलायला जड जातंय’ एवढंच. तिला तिकडचं सेमिनार माहीत नसेल, पण चारचौघांत तोंड न उघडणं काय असतं ते तिला माझ्याइतकंच कळेल. आजीलाही फोन कर आणि रिंगणाचं सगळं परत विचारून घे. कर्व्यांच्या लेखाबरोबर तेही उपयोगी पडेल.

डबा मात्र उद्यापासून बंद. डिशरूममध्ये ज्यांच्याशी बोलतेस त्यांच्यातल्या एकाला विचार, काम संपल्यावर जेवायला थांबतोस का म्हणून.

आणि पुढच्या ऑफिस अवरला पेपर हातात घेऊन जा. काय म्हणायचं ते सुचलं नाही तर पत्रात मला लिहिलंस तेच म्हण: मनात वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ते त्यांना इंग्रजीत सांग, जसं जमेल तसं, आणि मग काय झालं ते मला कळव.

तुझी,
मावशी