बिल बाकी असलं तरी रुग्णाचे कागद अडवता येत नाहीत

प्रश्न : आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. बाबांची अँजिओग्राफी जिल्ह्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलात झाली. पुढच्या उपचारांसाठी त्यांना बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, न्यायचंय. हॉस्पिटलवाले म्हणतात, ‘सगळं कॉम्प्युटरवर आहे, तिकडच्या डॉक्टरांनी मागितलं तर पाठवू. आधी राहिलेले अठरा हजार भरा.’ शिवाय बाबांचं ‘आभा’ (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) कार्ड आहे. त्याचा ओटीपी दिला तर त्यांचे जुने मानसोपचाराचे कागदही तिकडे दिसतील का? बाबा त्यालाच घाबरतात.

उत्तर : कागदांसाठी बाबांना थांबवू नका. डॉक्टरांनी हलवायला सांगितलं असेल तर आजच निघा. घरातलं एक माणूस मागे राहू दे, कागदांचा पाठपुरावा त्याने करावा.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम स्पष्ट आहेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. समोरच्या डॉक्टरांनीच मागावं, अशी अट त्यात नाही. बिलाचीही नाही. तुमच्याकडे खरंच पैसे निघत असतील तर ते द्यायलाच हवेत, पण त्या वसुलीसाठी हॉस्पिटलला वेगळी कायदेशीर वाट आहे. आजारी माणसाचे रिपोर्ट म्हणजे काही गहाण ठेवलेला दागिना नव्हे.

मात्र तोंडी मागू नका. काउंटरवर दहा खेपा घातल्या तरी त्याचा पुरावा राहत नाही. बाबांच्या सहीचं अधिकारपत्र जोडून साधा अर्ज लिहा : नाव, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक), दाखल झाल्याची तारीख आणि काय हवं ते. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि मुख्य म्हणजे अँजिओग्राफीची सीडी. नुसता लेखी रिपोर्ट चालत नाही, हृदयाचे डॉक्टर ते चित्रीकरण स्वतः बघतात. वॉर्डातल्या कुणीतरी मोबाईलवर काढून पाठवलेल्या पुसट फोटोवर समाधान मानू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. अर्ज घेतलाच नाही तर त्याच दिवशी ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यानंतरही कागद मिळाले नाहीत तर डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि हॉस्पिटलची जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते.

आता ‘आभा’. तो १४ अंकी नंबर आहे आणि तो काढणं ऐच्छिक आहे. त्या नंबरामागे तुमच्या सगळ्या कागदांचं एकच गाठोडं कुठे ठेवलेलं नसतं. रेकॉर्ड ज्या त्या हॉस्पिटलातच राहतं आणि संमती मिळाली की पुढे जातं. तेही त्या नंबराला जोडलेलं असेल तरच. जुन्या दवाखान्याने ते जोडलेलंच नसेल तर त्या वाटेने दिसायचा प्रश्नच येत नाही. जोडलेलं असलं तरी कोणत्या हॉस्पिटलचे, कोणत्या प्रकारचे, कोणत्या काळातले कागद द्यायचे आणि किती दिवसांसाठी, हे ‘आभा’च्या ॲपमध्ये ठरवता येतं. संमती मागेही घेता येते. म्हणून कुणी घाईघाईत ‘ओटीपी सांगा’ म्हणालं तर आधी विचारा, कशासाठी? स्क्रीन स्वतः वाचा आणि मगच सांगा.

मानसोपचाराच्या माहितीला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ चं गोपनीयतेचं संरक्षण आहे. पण बाबा त्या गोळ्या अजून घेत असतील तर बांबोळीच्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं कळणं जरुरीचं आहे, कारण त्यातल्या काहींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. वाडीत कुणाला कळायला नको, ही भीती मी समजू शकतो. डॉक्टरांना खासगीत सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्यांच्यावर आहे. बाबा शुद्धीवर आहेत, निर्णय घेऊ शकतात, तेव्हा संमती त्यांची, तुमची नव्हे. निघण्याआधी त्यांच्याजवळ बसून हे त्यांनाच विचारा.