घरी जोडलेल्या ड्रॉवरचा तळ लोंबतोय, जाड प्लाय टाकला की भागेल का?

कपड्यांसाठी घेतलेल्या, सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये आता तुम्हाला फायली आणि हत्यारं ठेवायची आहेत. एका ड्रॉवरचा तळ आत्ताच लोंबलाय, आणि तिथे जाड प्लाय टाकून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. अर्धं भागेल. तळ दिसतो म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो, पण प्लाय आणायच्या आधी एक माप घ्या.

ड्रॉवर रिकामा करून बाहेर काढा. त्याची बाहेरची रुंदी पुढच्या फळीजवळ मोजा आणि मग बरोबर मध्यावर मोजा. मध्यावर दोन-तीन मिलिमीटर जास्त भरली, तर बाजूच्या फळ्या बाहेर फुगल्या आहेत. अशा ड्रॉवरचा तळ म्हणजे बहुतेक वेळा 3 मिमीचा हार्डबोर्ड, बाजूच्या फळ्यांतल्या उथळ खाचेत नुसता सरकवलेला. गोंदाचा थेंब नसतो. वजनाने तो मध्ये झुकला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, त्याच वेळी आत कोंबलेलं सामान फळ्यांना बाहेर रेटतं, आणि कड खाचेतून सुटते. मागे तर पुष्कळदा खाचच नसते. तळ मागच्या फळीच्या खालून जातो आणि एखाद-दोन खिळ्यांवर किंवा प्लास्टिकच्या क्लिपवर तोललेला असतो. तुमचाही बहुधा मागच्या बाजूनेच सुटत आला असेल.

म्हणून पहिलं काम गोंदाचं, प्लायचं नंतर. ड्रॉवर उलटा ठेवा, खाचेतला भुसा ब्रशने काढा, तळ पुन्हा नीट बसवा. फुगलेल्या बाजू क्लॅम्प लावून किंवा दोरीचा पीळ देऊन आत आणा. दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. मग खाचेत सगळीकडून लाकडाचा पांढरा गोंद भरा. तो पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळीच्या) उघड्या भागाला आणि हार्डबोर्डच्या खरबरीत बाजूला छान धरतो, पण फळीवरच्या चकचकीत मेलामाइनला धरत नाही. तिथे पॉलिश पेपरने घासून इपॉक्सी लावा. एक दिवस हात लावू नका. एवढ्यानेच ड्रॉवर किती ताठ होतो ते पाहून तुम्हाला नवल वाटेल, कारण चिकटलेला तळ नुसतं सामान झेलत नाही, चारही फळ्यांना धरूनही ठेवतो.

आता प्लाय. आतून वरच्यावर प्लाय टाकून मोकळं व्हायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. लोंबणं दिसेनासं होतं, पण सगळं वजन शेवटी खाचेच्या खालच्या पातळ कडेवरच येतं, आणि तुटते ती तीच. प्लाय खालून लावा. ड्रॉवर उलटा केल्यावर तळ आणि बाजूच्या फळ्यांची कड यांच्यामध्ये साधारण सेंटिमीटरभर खोलगट जागा दिसेल. त्या मापाचा 6 मिमी प्लाय कापून जुन्या तळाला चिकटवा आणि त्याच्या कडांखाली लाकडाच्या बारीक पट्ट्या बाजूच्या फळ्यांना गोंद व स्क्रूने बसवा, म्हणजे वजन खाच सोडून पट्ट्यांवर येईल. बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेवर प्लाय ठोकायच्या फंदात पडू नका. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनेल चाकांचे, पांढऱ्या पत्र्याचे असतील तर ते त्याच कडेला खालून कवटाळून बसलेले असतात.

जाडीचा हिशोब लक्षात घ्या. पदार्थ तोच असेल तर फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 3 मिमीची 6 केली की दुप्पट नव्हे, आठपट. 9 केली की 27 पट. आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर जाडी दुप्पट करण्याहून जास्त फायदा होतो, कारण सारख्या पसरलेल्या वजनाखालचा झोक सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून रुंद ड्रॉवरला मधोमध, पुढून मागे जाणारी एक पट्टी उभी लावली की पुष्कळ काम होतं. मात्र तिची दोन्ही टोकं पुढच्या आणि मागच्या फळीला एल पट्टीने पकडलेली हवीत. नुसती तळाला चिकटवली तर तीही तळाबरोबर खाली येईल. आणि खालच्या ड्रॉवरला ती घासणार नाही ना, हे आधी पाहा.

तळ पक्का झाला की भार चॅनेलवर जातो. A4 आकाराचा 80 जीएसएमचा 500 कागदांचा गठ्ठा अडीच किलोचा. असे दहा ठेवले की 25 किलो झाले, आणि चाकांचे साधे चॅनेल साधारण तिथेच हात टेकतात. छर्‍यांचे टेलिस्कोपिक चॅनेल सहसा 35 ते 45 किलोचे मिळतात. हा आकडा जोडीचा असतो, एका चॅनेलचा नव्हे, आणि वजन सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून दिलेला असतो. ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण 12.7 मिमी जागा लागते. चाकांच्या चॅनेललाही जवळपास तेवढीच लागत असल्याने अदलाबदल बहुधा जमून जाते, तरी मोजून खात्री करा.

गंमत स्क्रूची आहे. ड्रॉवरची बाजू 12 मिमीची, त्यात पार्टिकल बोर्ड. लांब स्क्रू आत टोक काढतो आणि आखूड स्क्रू भुश्शासकट उपटून येतो. फळीला आतून 6 मिमी प्लायची पट्टी चिकटवून घ्या, स्क्रूला धरायला लाकूड मिळतं. भोक आधी पाडायचंच, 3.5 मिमीच्या स्क्रूला अडीच मिमीचं, आणि शेवटचे दोन आटे ड्रिलने नव्हे तर हाताने पिळायचे. पार्टिकल बोर्डमध्ये एकदा आटे गेले की तो स्क्रू गेला. कपाटाच्या फळीत असं भोक झालंच असेल तर 8 मिमीची लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, वाळल्यावर तिच्यात नवं भोक पाडा. पाण्याने फुगून पोह्यांसारखा सुटलेला बोर्ड मात्र दुरुस्त करत बसू नका. 12 मिमी प्लायची नवी पेटी करा आणि जुनी पुढची फळी तिला लावा.

कपाटाची पाठही बघून घ्या. पातळच असते, पण चौकट तिरकी होऊ न देण्याचं काम तीच करते. खिळे ढिले असतील तर स्क्रू मारा.

हे सगळं केल्यावर एक धोका उलट वाढतो. भरलेला ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की सगळं कपाट पुढे झुकतं, आणि पूर्ण उघडणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलने तर जास्तच. 2016 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीला अमेरिकेत ड्रॉवरची सुमारे 2.9 कोटी कपाटं परत बोलवावी लागली, ती मुलांच्या अंगावर कपाटं पडून झालेल्या मृत्यूंनंतर. फायली सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, हत्यारं त्याच्या वरच्यात. कपाट पट्टीने भिंतीला अडकवा, पण त्या पट्टीचा स्क्रू पाठीच्या हार्डबोर्डमध्ये न मारता वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीत मारा.