वाचू लागलेल्या मुलीला माहितीचे पुस्तक द्यावे की गोष्टीचे?

आपली मुलगी साडेसहा वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे, तिला मराठीची अक्षरे आणि बाराखडी येते, रात्री गोष्ट ऐकण्यासाठी ती हट्ट धरते, पण तेच पुस्तक तिच्या हाती दिले की दोन ओळींत कंटाळते. आणि मासे, खेकडे, समुद्र यांविषयी मात्र तिचे प्रश्न संपत नाहीत, असे आपण लिहिले आहे. अशा मुलीला आधी गोष्टींची पुस्तके द्यावीत की माहितीची, हा आपला प्रश्न आहे. मी गेली बारा वर्षे लालबागला दर शनिवारी मुलांचे एक लहानसे वाचनालय चालवते, तेथे जे पाहिले त्याच्या आधारे उत्तर देते.

माझ्या मते गोष्ट की माहिती हे नंतर पाहावे; आधी पानावरचे शब्द मुलीच्या कानावरून गेलेले आहेत की नाहीत, हे पाहावे. बाराखडी येणे आणि वाचता येणे यांत जे अंतर आहे, ते बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. मूल ‘ब’ आणि ‘स’ सुटे उच्चारते, क्षणभर थांबते, आणि मग ‘बस!’ असे म्हणते, तेव्हा त्या क्षणात त्याने आपल्या ओळखीच्या शब्दांत शोध घेतलेला असतो. शब्द तेथे सापडला नाही, तर उच्चार होतो पण वाचन होत नाही. मराठीत तर हे पदोपदी घडते. ‘पाण्याचा जग’ आणि ‘सारे जग’ यांतला ज लिहिताना एकच असतो. तो कोणत्या ठिकाणी कसा उच्चारायचा, हे डोळ्यांना नव्हे, कानाला ठाऊक असते. ‘कमळ’ मधला ळ शेवटी तोडायचा, हेही कोणी शिकवत नाही. घरी मराठी बोलले जात असेल, तर ही शिदोरी आपल्या मुलीजवळ आहे.

आता माहितीच्या पुस्तकांची खरी अडचण सांगते. पालक मोठ्या हौसेने अवकाश किंवा प्राणिजगत यांवरचे रंगीत पुस्तक आणतात, आणि पहिल्याच पानावर पृथ्वी, सूर्य, ग्रह, पक्षी, वृक्ष, सस्तन प्राणी असे शब्द रांगेने उभे असतात. विषय मुलांचा असतो, पण शब्द जोडाक्षरांचे आणि संस्कृतातून आलेले असतात. ज्या मुलीचा हात नुकताच काना-मात्रा-वेलांटीवर बसला आहे, तिला ऋकार, रफार आणि क्ष एकाच ओळीत दिले, तर तिने पुस्तक मिटले यात नवल नाही. याउलट चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे घर शेणाचे या आपल्या जुन्या गोष्टीत जोडाक्षर जवळजवळ येतच नाही. म्हणून सुरुवातीला गोष्टी सोप्या पडतात, त्या गोष्टी असतात म्हणून नव्हे. (या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. ती मुलांना इतकी पाठ असते की ती पानाकडे पाहत घडाघडा म्हणतात आणि आपण ते वाचन समजून बसतो. खात्री करायची असेल, तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारावे.)

माहितीच्या पुस्तकाकडे जे बळ असते, ते मात्र कोणत्याही गोष्टीकडे नसते: विषय मुलाला आधीच ठाऊक असेल, तर कच्चा वाचकही तेथे भक्कम उभा राहतो. अमेरिकेत डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले तो मजकूर समजण्यात, वाचनात पक्की पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांच्या पुढे गेली. शिवाजी पार्कवर वाढलेल्या मुलाला क्रिकेटचा वृत्तान्त वाचायला देऊन पाहिला, तर हे पटायला वेळ लागत नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी कोळीवाड्यातला एक मुलगा येत असे. तो तिसरीत होता, पण गोष्टीचे पुस्तक उघडले की दुसऱ्या वाक्याला त्याचे पोट दुखू लागे. एका शनिवारी मी माशांवरचे एक जुने पातळ पुस्तक त्याच्यासमोर ठेवले आणि काहीच बोलले नाही. बोंबील, मांदेली, सुरमई, हलवा, रावस, घोळ, बांगडा, कोळंबी अशी नावे चित्रांखाली छापलेली होती. त्याने ती सर्व वाचली, एकदाही न अडखळता. मग एका पानावर तो थांबला आणि रागावून म्हणाला, “बाई, हा खेकडा रांधलेला आहे.” पुस्तकात चिखलातून चालणारा जिवंत खेकडा लालभडक रंगवला होता, आणि आपल्या खाडीतला खेकडा शिजल्याशिवाय तसा लाल होत नाही, हे त्याला चित्रकारापेक्षा चांगले माहीत होते. तेवढ्यावर न थांबता त्या पानावरचा मजकूर चुकला आहे का हे पाहण्यासाठी त्याने तीन ओळींचा परिच्छेद बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. त्या परिच्छेदात दोन जोडाक्षरे होती. तीही गेली.

म्हणून आपल्या मुलीसाठी माझा सल्ला असा की, तिच्या हाती माहितीचे पुस्तक जरूर द्यावे, पण ते व्हेल आणि डॉल्फिनचे न देता मासळीबाजाराचे द्यावे. आपल्याकडे भाजी, पाऊस, लोकल, पतंग, मुंग्या, घरातली भांडी अशा विषयांवरच्या पुस्तकांतले शब्द घरात वावरत असतात. देवमासा तिला हवाच असेल, आणि तो हवा असणारच, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवावे. एकाच पुस्तकात वाटणीही करता येते: चित्रांखालची नावे तिने वाचायची, परिच्छेद आपण वाचायचा. गोष्टीत ही सोय नसते, कारण गोष्ट मधूनच वाचता येत नाही. माहितीचे पुस्तक अकराव्या पानावर उघडले तरी चालते. गोष्टींचा उपयोग वेगळा आहे. पुढे काय झाले या ओढीने मूल अवघड वाक्यही ओलांडून जाते आणि वाचनाचा दम वाढतो. तो दम चित्रांखालच्या नावांनी येत नाही. त्यामुळे रात्रीची गोष्ट बंद करू नये.

शाळेवर ही गोष्ट सोडू नये, असेही मला वाटते. बोस्टनच्या परिसरातील पहिलीच्या २० वर्गांचे नेल ड्यूक यांनी निरीक्षण केले, तेव्हा माहितीपर मजकुरासोबत मुलांचा दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे वेळ जातो, असे त्यांना २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. इकडे महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यापासून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली हे चांगलेच झाले, पण विषय म्हणून शिकवली जाणारी मराठी बहुधा धडा आणि स्वाध्याय यांतच संपते.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठ न पाहता मधले पान उघडावे आणि तिला वाचू द्यावे. एका पानावर ती चार-पाच शब्दांपेक्षा जास्त ठिकाणी अडली, तर ते पुस्तक सध्या ऐकण्याचे आहे. ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे छापले आहेत तेही पाहावे. मराठीत आणि हिंदीत यांची वळणे वेगळी आहेत, आणि संगणकावरच्या अक्षरांमुळे पुष्कळ मराठी पुस्तकांत हिंदीची वळणे येतात. मोठ्यांना हे जाणवतही नाही, पण मुले तेथे खरोखर अडतात. ‘केलं, गेलं’ लिहिलेल्या गोष्टी बोलण्याच्या जवळच्या असतात, माहितीची पुस्तके बहुधा ‘केले, गेले’ लिहितात. हा फरक एकदा सांगून टाकावा. भाषांतरित ज्ञानकोशांपासून मात्र जपून राहावे. मी प्रदर्शनातून आणलेल्या अशा एका जाडजूड पुस्तकात एकच वाक्य पाच ओळी चालले होते आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण हे मीच विसरले होते.

पुस्तके मिळवणे कठीण नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके चार पातळ्यांत विभागलेली आहेत आणि ती विनामूल्य वाचता येतात. मात्र मूळ भाषेत सोपे असलेले पुस्तक मराठीत आल्यावर जोडाक्षरांनी भरू शकते, म्हणून पातळीचा आकडा पाहून थांबू नये. नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची बालपुस्तके दादरला दुकानात उभे राहून चाळावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, पण ते आपल्या मुलीला दोन-तीन वर्षांनी द्यावे.

आणि एक पुस्तक विकत न घेता घरीच करावे. कोरा कागद तीनदा दुमडून कापला की आठ पानांचे पुस्तक होते. रविवारी तिला मासळीबाजारात न्यावे, घरी आल्यावर काय पाहिले ते तिला सांगू द्यावे, आणि ती बोलेल तसेच, एक शब्दही न सुधारता, पानावर एकेक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून द्यावे. चित्रे तिने काढावीत. खेकड्याचा रंग कोणता, हे ती आपल्याला सांगेल.