माती, ऊर्जा आणि मॉडेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (उलवे) : खाडीलगतच्या मऊ मरीन क्लेवर मुरमाचा भराव टाकून पीव्हीडी (मातीतले पाणी लवकर बाहेर काढणाऱ्या उभ्या निचरापट्ट्या) बसवायचे आहेत. सेटलमेंट (जमीन किती खचेल ते) काढायला आम्ही मॉडिफाइड कॅम क्ले हे मऊ मातीचे मॉडेल वापरतो. हल्ली ‘हायपरप्लॅस्टिसिटी’ म्हणजे उष्मागतिकीवर उभारलेल्या प्लॅस्टिसिटीबद्दल (भार काढल्यावरही न परतणाऱ्या बदलाच्या सिद्धांताबद्दल) वाचायला मिळते. मॉडेल तेच असेल, तर तिचा वेगळा उपयोग काय?

उत्तर : मॉडेल तेच असेल तर सेटलमेंटचा आकडाही तोच येईल, त्यात शंका नको. फरक आहे तो मॉडेल कुठून सुरू होते यात. नेहमीच्या पद्धतीत यील्ड सरफेस (कायमचा बदल जिथे सुरू होतो ती ताणाची सीमा), फ्लो रूल (तो बदल कोणत्या दिशेने होतो), हार्डनिंगचा नियम (ती सीमा कशी वाढते) आणि लवचिक मापांक हे चारही वेगवेगळे गृहीत धरले जातात. ते एकमेकांशी जुळतात का, हे कोणी तपासत नाही. हायपरप्लॅस्टिसिटीत फक्त दोनच फलने लिहायची असतात. एक मुक्त ऊर्जेचे, म्हणजे मातीत किती ऊर्जा साठली त्याचे. दुसरे डिसिपेशनचे, म्हणजे किती ऊर्जा उष्णता होऊन कायमची गेली त्याचे. बाकी सगळे डेरिव्हेटिव्ह घेऊन मिळते. डिसिपेशन कधीही ऋण होणार नाही असे लिहिले की उष्मागतिकीचा दुसरा नियम आपोआप पाळला जातो. या मांडणीमागे हान्स झिग्लर यांचे ऑर्थोगोनॅलिटीचे तत्त्व आहे. मातीसाठी ती इयन कॉलिन्स आणि गाय हूल्सबी यांनी १९९७ च्या लेखात मांडली आणि पुढे हूल्सबी व अलेक्झांडर पुझरिन यांनी वाढवली.

तुमच्याच मॉडेलवर करून पाहा. पी म्हणजे मातीच्या कणांवरचा सरासरी दाब, क्यू म्हणजे शिअरचा ताण, आणि एम म्हणजे माती सतत घसरू लागते तेव्हाचे क्यू आणि पी यांचे गुणोत्तर. प्लॅस्टिक म्हणजे कायमचा; व्हॉल्यूमेट्रिक स्ट्रेन म्हणजे आकारमानातला बदल, शिअर स्ट्रेन म्हणजे आकारातला. प्री-कन्सॉलिडेशन प्रेशरच्या (मातीने आजवर सोसलेल्या सर्वाधिक दाबाच्या) निम्म्या मूल्याला ‘पी-एक्स’ म्हणू. डिसिपेशन असे लिहा : पी-एक्स गुणिले वर्गमूळ (प्लॅस्टिक व्हॉल्यूमेट्रिक स्ट्रेनच्या दराचा वर्ग + एम-वर्ग गुणिले प्लॅस्टिक शिअर स्ट्रेनच्या दराचा वर्ग). दोन्ही दरांच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेतले की दोन जनरलाइज्ड स्ट्रेस मिळतात. पहिल्याला पी-एक्सने, दुसऱ्याला एम गुणिले पी-एक्सने भागून वर्गांची बेरीज करा. ती बरोबर १ येते. मुक्त ऊर्जेतल्या हार्डनिंगच्या पदामुळे पहिला स्ट्रेस ‘पी वजा पी-एक्स’ असतो. म्हणजे शून्यापासून प्री-कन्सॉलिडेशन प्रेशरपर्यंतचा, रॉस्को आणि बर्लंड यांनी १९६८ मध्ये दिलेला तोच लंबवर्तुळ समोर येतो. तो गृहीत धरावा लागला नाही.

यातून एक गोष्ट दिसते, ती नेहमीच्या मांडणीत झाकली जाते. माती सगळ्या बाजूंनी सारख्या दाबाखाली यील्ड होत असताना प्लॅस्टिक काम ‘पी गुणिले प्लॅस्टिक स्ट्रेन’ इतके, पण डिसिपेशन त्याच्या निम्मेच. उरलेली ऊर्जा कणांच्या रचनेत अडकून राहते. कॉलिन्स तिला गोठलेली लवचिक ऊर्जा म्हणतात. म्हणून प्लॅस्टिक काम म्हणजेच उष्णता असे धरून तापमानवाढ काढली, तर इथे ती दुप्पट येईल.

आकडे टाकताना एक चूक सर्रास होते, तेवढी सांभाळा. ओडोमीटरवरून (प्रयोगशाळेतल्या दाबचाचणीवरून) सीसी, म्हणजे माती किती दबते त्याचा उतार, मिळतो तो दशमान लॉगवर; मॉडेलचा लॅम्डा हा तोच उतार, पण नैसर्गिक लॉगवर. सीसी १.० असेल तर लॅम्डा ०.४३४. काही सॉफ्टवेअर त्याला पुन्हा (१ + व्हॉइड रेशो) ने भागलेला लॅम्डा मागतात. व्हॉइड रेशो (पोकळीचे घन भागाशी प्रमाण) २.५ असेल तर तो ०.१२४. चुकीच्या खिडकीत चुकीचा लॅम्डा पडला, तर सेटलमेंट साडेतीन पटीने इकडचे तिकडे. फ्रिक्शन अँगल २५ अंश धरला तर एम ०.९८ येतो. आणखी एक : मॉडिफाइड कॅम क्ले नॉर्मली कन्सॉलिडेटेड (आधी याहून जास्त दाब न सोसलेल्या) मातीत के-नॉट (आडव्या आणि उभ्या दाबाचे गुणोत्तर) प्रत्यक्षापेक्षा जास्त देते, त्यामुळे सुरुवातीचे स्ट्रेस मॉडेलवर न सोडता स्वतः द्या.

प्रश्न (ठाणे, एम.टेक.चा विद्यार्थी) : आमच्या कोडमध्ये बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) दाबाबरोबर वाढतो आणि पॉयसन रेशो (आडव्या आणि उभ्या स्ट्रेनचे प्रमाण) ०.३ स्थिर आहे. गाइड म्हणतात, यात ऊर्जेचा घोळ आहे. लवचिक भागात घोळ कसा असेल?

उत्तर : गाइडचे म्हणणे बरोबर आहे. कप्पा (लॅम्डासारखाच, पण भार काढतानाचा उतार) ०.०६५ आणि व्हॉइड रेशो २.५ घ्या, म्हणजे बल्क मॉड्युलस दाबाच्या सुमारे ५४ पट. १०० किलोपास्कलला शिअर मॉड्युलस (आकार बदलायला होणारा विरोध) जवळपास २४८०, २०० ला ४९७०. प्री-कन्सॉलिडेशन प्रेशर २५० ठेवा, म्हणजे पुढचे सगळे यील्डच्या आतच राहील.

आता २०० किलोपास्कलला क्यू शून्यापासून ६० पर्यंत न्या. क्यू तसाच ठेवून दाब १०० वर आणा. मग क्यू शून्यावर आणा आणि दाब परत २०० करा. चढताना माती ताठ, म्हणून काम कमी लागले. उतरताना ती मऊ, म्हणून जास्त परत मिळाले. दाबाचे काम जाताना-येताना फिटते. दर घनमीटरमागे सुमारे १२० ज्यूल फुकट हाती आले आणि वर ०.४ टक्के शिअर स्ट्रेनही उरला, तोही ‘लवचिक’ भागात. लाटांचा किंवा वाहतुकीचा भार हजारो वेळा मोजताना हे साचत जाते आणि उत्तर सरकत राहते. चक्र उलट फिरवले तर तितकीच ऊर्जा नाहीशी होते आणि ती डॅम्पिंग आहे असा भास होतो, तोही तितकाच फसवा. झायटिन्स्की, रँडॉल्फ, नोव्हा आणि रॉथ यांनी १९७८ मध्येच याकडे लक्ष वेधले होते.

सोपा उपाय म्हणजे शिअर मॉड्युलस स्थिर ठेवणे. मग मुक्त ऊर्जा नीट लिहिता येते. पण मऊ मातीत त्यालाही मर्यादा आहे. १५० किलोपास्कलला साजेसा ३७०० किलोपास्कल सगळीकडे धरलात, तर दाब साधारण ४६ च्या खाली गेला की पॉयसन रेशो ऋण होतो. मरीन क्लेचे वरचे अनेक मीटर त्याच पट्ट्यात येतात. म्हणून थर पाडा आणि प्रत्येक थराला वेगळा मॉड्युलस द्या. खरा इलाज म्हणजे दोन्ही मापांक दाब आणि क्यू असलेल्या एकाच ऊर्जा-फलनातून काढणे. मग शिअरमुळे आकारमानही थोडे बदलते. ते पाहून घाबरू नका, ते समीकरणात असायलाच हवे. कोड तपासायला वरचेच चक्र एका घटकावर शंभरदा फिरवा. शेवटी उरलेली ऊर्जा शून्य आली पाहिजे.

प्रश्न (ऐरोली) : वाळूत डायलेशन अँगल (घसरताना वाळू किती फुगते त्याचे माप) फ्रिक्शन अँगलइतका ठेवला तर सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) पटकन जुळतो. तसे चालेल का?

उत्तर : नाही. कोहिजन (कणांची एकमेकांना असलेली चिकट) शून्य असेल आणि फ्लो असोसिएटेड, म्हणजे डायलेशन अँगल फ्रिक्शन अँगलइतकाच असेल, तर घसरताना शिअरचे जितके काम होते तितकेच दाबाविरुद्ध फुगण्यात खर्च होते आणि डिसिपेशन शून्य उरते. घर्षण असूनही काहीच ऊर्जा न जाणारी वाळू कुठे नसते. डिसिपेशन ‘एम गुणिले पी गुणिले शिअरचा दर’ असे लिहा आणि फुगण्याचे प्रमाण बीटा वेगळ्या बंधनाने जोडा : ताकद ‘एम अधिक बीटा’ येते आणि फ्लो नॉन-असोसिएटेड निघतो, तो वेगळा गृहीत धरावा लागत नाही. कामापुरते फ्रिक्शन अँगलमधून ३० अंश वजा करा. ३८ ला ८. सॉल्व्हर अडला तर लोड स्टेप लहान करा आणि असिमेट्रिक मॅट्रिक्सचा पर्याय चालू करा. डायलेशन वाढवून त्याला खूश केलेत, तर पाइलभोवती किंवा भिंतीमागे कोंडलेल्या वाळूत ताकद फुगलेली दिसेल.