ठाण्यात राहून हॉट एअर बलून उडवायला शिकता येईल का, आणि आधी क्रूचं काम करावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, नोकरी आहे, पुष्करला एकदा बलूनमधे बसलात तेव्हापासून पायलट व्हायचं डोक्यात बसलंय, तर जवळपास कुठे शिकता येईल आणि क्रूचं काम करणं गरजेचं आहे का. मी ऐरोलीला राहते, चार सीझन झाले, सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या पुढे मावळात एका टीमबरोबर ग्राउंड क्रू म्हणून, म्हणजे बलून उडवायला-उतरवायला जमिनीवरून मदत करायला जाते आणि आता ट्रेनिंगही सुरू केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागेचं. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे होणार नाही. मुंबई विमानतळाची हद्द आहे, आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, आणि परवानगीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी उतरणार कुठे? शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, ते इथे कामाला येतं. पहाटे, म्हणजे बलून उडवायच्या वेळेलाच, वारा बहुतेकदा जमिनीकडून समुद्राकडे असतो, म्हणजे ठाण्यातून उडालेला बलून येऊरचं जंगल, मग मुंबईच्या बिल्डिंगा आणि पुढे समुद्र असा जाणार. शिवाय ऐरोली-घणसोलीतून गेलेल्या हाय टेन्शन लाइन्स. बलूनवाल्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती वायरची, २०१६ साली टेक्सासमधे लॉकहार्टजवळ बलून वायरला लागून १६ जण गेले. काही लोक म्हणतात की २००५ ला उद्योगपती विजयपत सिंघानिया तर मुंबईतूनच उडाले होते. हो, पण ती २१,०२७ मीटरच्या जागतिक विक्रमाची खास मोहीम होती, बंद प्रेशराइज्ड केबिन होती, आणि उतरले ते सिन्नर तालुक्यात. शिकण्यासाठी मोकळी रानं लागतात. मावळात दिवाळीनंतर भात काढून झाला की खाचरं रिकामी होतात, तेव्हा आमचं काम सुरू होतं.

आता क्रूचं. लायसन्ससाठी क्रूचं काम ही लिहिलेली अट म्हणून मला कोणी सांगितलेली नाही, पण माझं ठाम मत आहे की किमान एक पूर्ण सीझन क्रू करा आणि मगच ट्रेनिंगचे पैसे भरा. प्रवासी म्हणून आपल्याला तासभराची शांत फ्लाइट दिसते, तिच्या आधी आणि नंतर काय चालतं ते दिसत नाही.

आमच्याकडे साडेतीनला ऐरोलीहून गाडी निघते. अंधारात पोचलो की पहिलं काम म्हणजे हेलियमचा छोटा फुगा सोडायचा आणि त्यावर टॉर्च धरून तो कुठल्या उंचीला कुठे वळतो ते बघायचं, कारण बलूनला स्टिअरिंग नसतं, वरखाली जाऊन वाऱ्याचा हवा तो थर पकडायचा एवढंच हातात असतं. आपल्या उत्तर गोलार्धात वर जाल तसा वारा साधारण उजवीकडे वळत जातो, तोच हिशोब पायलट उतरताना उलटा वापरतो. मग कापड पसरायचं, त्याला आम्ही एन्व्हलप म्हणतो, बास्केट आडवी करून जोडायची, फॅन लावून थंड हवा भरायची. अर्धवट फुगलेल्या एन्व्हलपमधे आत चालत जाऊन वरच्या व्हेंटचे, म्हणजे गरम हवा सोडायच्या झडपेचे, वेल्क्रो नीट बसलेत का ते तपासावं लागतं. बूट काढून जायचं, पायाखाली दवाने गार झालेलं नायलॉन, चारी बाजूंनी लाल-पिवळा उजेड, आणि बाहेरच्या माणसांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मला ते काम अजून कोणी दुसऱ्याला दिलं तर वाईट वाटतं.

पण माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम झाला तो क्राउन लाइनचा. ही बलूनच्या टोकाची दोरी, गरम हवा भरायला लागली की बलून झोकांड्या खात उभा राहतो, तेव्हा एक जण ती धरून मागे वजन टाकतो आणि हळूहळू बास्केटकडे चालत येतो. माझ्या दुसऱ्याच रविवारी मी ती हाताला दोन वेढे देऊन धरली, गावी आडातून पाणी शेंदताना धरायचो तशी, घट्ट धरली म्हणजे चांगलं काम असं मला वाटत होतं. एक झुळूक आली आणि मी ओढली गेले, मागून "सोड! सोड!" ओरडतायत आणि मला सोडताच येईना कारण दोरी तळहाताला आवळलेली. दहा-बारा पावलं गेल्यावर ती आपोआप ढिली झाली. ग्लोव्ह पातळ होता, तळव्याचं कातडं निघालं. आमच्या पायलटने त्या दिवशी फ्लाइट झाल्यावर बाजूला बसवून समजावलं की लहान बलूनसुद्धा २,२०० घनमीटरचा असतो, म्हणजे आतल्या हवेचंच वजन दोन टन, ते एकदा हललं की माणसाने थांबत नाही. म्हणून वेढा कधीच द्यायचा नाही, आणि पाय जमिनीवरून सुटतायत असं वाटलं की त्याच क्षणी सोडायचं, एका सेकंदाने दोरी तुम्हाला दहा फुटांवर घेऊन गेलेली असते.

हाच २,२०० चा आकडा पुढे पायलटिंगलाही लागतो. आतली हवा १०० अंशाला धरली आणि बाहेर १० अंश असेल तर समुद्रसपाटीच्या हिशोबाने एवढा बलून साधारण ६५० किलो उचलतो, बाहेर ३० अंश झालं की जेमतेम ४८०, आणि ह्यात कापड, बास्केट, सिलिंडर, माणसं सगळं आलं. पुष्करची थंडी आणि आपला मार्च ह्यातला फरक इथे कळतो. शिवाय ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात, म्हणून सकाळीच उडायचं आणि वारा पटला नाही तर रद्द करायचं. चार तास झोपून पोचलेले प्रवासी समोर उभे असतात, त्यांना नाही म्हणायचं, आणि पायलटने नाही म्हटलं की क्रूने त्यांना प्रेमाने सांभाळायचं.

फ्लाइट सुरू झाली की आम्ही पिकअपमधून मागे. बलून बांध ओलांडून कुणाच्याही रानात उतरतो, तिथे आधी मालकाला भेटायचं, "काका, तुमच्या खाचरात फुगा उतरलाय, गाडी आत घेऊ का?" असं विचारून मगच चाक घालायचं, उडव्यांना, म्हणजे कापलेल्या भाताच्या ढिगांना, धक्का लागू द्यायचा नाही. एकदाही कोणी नाही म्हटलेलं नाही, दोनदा चहा मिळाला. आणि पायलट सांगेपर्यंत कोणी बास्केटमधून उतरायचं नाही, वजन कमी झालं की बलून परत उचलतो.

लायसन्स भारतात डीजीसीए, म्हणजे सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं, लेखी परीक्षा असते. आयकाओ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेचा आंतरराष्ट्रीय किमान निकष १६ तासांचं उड्डाण, त्यात किमान ८ टेकऑफ आणि एक सोलो, म्हणजे एकट्याने, असा आहे. इथे शिकवणारे मोजकेच असल्यामुळे काही जण बाहेर जाऊन शिकतात, अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्सला १० तासांचं ट्रेनिंग लागतं, पण ते इथे कसं मान्य करून घ्यायचं ते आधी डीजीसीएकडे लेखी विचारा. मला ट्रेनिंगमधे सगळ्यात कठीण गेलं ते थांबणं. बर्नर मारला की परिणाम दिसायला पाच-दहा सेकंद लागतात, नवीन माणूस घाबरून परत मारतो आणि बलून हवा त्याच्या दुप्पट चढतो.

सीझनच्या आधी, सप्टेंबरमधेच, एखाद्या ऑपरेटरला किंवा तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या बलून फेस्टिव्हलवाल्यांना क्रूसाठी विचारून ठेवा, आणि तोवर रोज पहाटे टेरेसवर जाऊन धूर कुठे जातोय ते वहीत लिहा, मी वर्षभर लिहिलं होतं. येताना सुती कपडे घाला, नायलॉनचं जॅकेट बर्नरजवळ नको, आणि चामड्याचे ग्लोव्हज स्वतःच्या मापाचे घ्या, ढगळ घेऊ नका, दोरी सोडताना अडकतात.