स्वतःच्या रानातली सूचिपर्णी झाडं तोडून, तिथेच चिरून त्या लाकडात शेड बांधता येईल का? ओलं लाकूड चालतं का?

तुम्ही लिहिलंय की उतारावर स्प्रूस, पाइन आणि थोड्या लार्चचा जुना दाट पट्टा आहे, त्याची विरळणी करायचीच आहे, आणि निघालेल्या लाकडात औजारांची शेड उभी करायचा विचार आहे. जरूर करा. मी लाकडी सांगाडे उभारण्याचं काम करतो आणि जमेल तिथे लाकूड उभ्या झाडातच निवडून ठेवतो. तोडायची परवानगी लागते का, ते तेवढं आधी बघून घ्या.

बहुतेक जण आधी झाडं पाडतात आणि मग आलेल्या लाकडातून काय निघतंय ते बघत बसतात. हे उलटं करा. शेडचा आराखडा काढा, खांब किती, तुळया किती, वासे किती, भिंतीच्या फळ्या किती, प्रत्येकाची लांबी-जाडी लिहा. ती यादी हातात घेऊन रानात फिरा आणि झाडांवर खडूने खुणा करा. वाशांना सरळ, मध्यम जाडीची झाडं पुरतात, त्यासाठी सगळ्यात जाड झाड पाडण्यात अर्थ नाही.

खूण करताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, ती म्हणजे झाडाचा कल. उतारावर किंवा पट्ट्याच्या कडेला कललेलं सूचिपर्णी झाड कलाच्या खालच्या बाजूला वेगळंच लाकूड तयार करतं. तोडल्यावर ते ओळखू येतं: वर्षवलयं एका बाजूला रुंद, रंग लालसर-गडद, आणि गाभ्याचा मध्यबिंदू बाजूला सरकलेला. साधं लाकूड वाळताना लांबीत जवळपास आटतच नाही. हे मात्र त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त आटतं, त्यामुळे त्याची फळी धनुष्यासारखी वाकते. कितीही वजन ठेवा, ती सरळ होत नाही. असली झाडं सरपणाला. बुंध्यावर सालीच्या रेघा पिळासारख्या चढत गेल्या असतील तर तेही झाड सोडा. लार्चमध्ये हे बरंच दिसतं.

लार्च आणि डग्लस फर (हेही सूचिपर्णी झाडच) यांचा गाभा पावसापाण्यात बऱ्यापैकी टिकतो, म्हणून बाहेरच्या फळ्या लार्चच्या काढा. स्प्रूस टिकाऊ नाही, पण छपराखाली वासे म्हणून उत्तम. सालीलगतचा फिका थर मात्र कुठल्याच झाडाचा टिकत नाही. आणि खांब कशाचेही असोत, थेट मातीत पुरू नका, दगडावर किंवा काँक्रीटवर उभे करा.

तोडणी थंडीत करा. लाकूड थंडीत कोरडं असतं असं लोक सांगतात, त्यात फारसं तथ्य नाही. खरा फायदा हा की तेव्हा कीड आणि बुरशी थंड पडलेली असते. उबेत पडून राहिलेल्या पाइनच्या ओंडक्यावर काही आठवड्यांत निळी झाक चढते. ताकद फारशी जात नाही, रूप जातं. साल पोखरणारे भुंगेरेही पडलेल्या स्प्रूसवर येतात आणि तिथून उभ्या झाडांवर जातात. म्हणून ओंडके रानात ठेवू नका, लवकर चिरा किंवा निदान साल काढा.

पाडण्याबद्दल थोडक्यात. पडायच्या बाजूने खोडाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खाच, मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. 40 सेंमीच्या झाडाला 4 सेंमी. ती बिजागरी झाडाला दिशा देते, ती कापून टाकली की झाड कुठेही जाईल. आजूबाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको. दाट पट्ट्यात पहिली काही झाडं हमखास शेजारच्यांत अडकतात आणि अडकलेलं झाड सोडवणं हाच सगळ्यात जीवघेणा भाग. चेनसॉचं, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचं, शिक्षण घेतलेलं नसेल तर पाडायला जाणकार माणूस बोलवा, यात काटकसर करू नका. एकाच वेळी फार झाडंही काढू नका. स्प्रूसची मुळं उथळ असतात, आडोसा गेला की उरलेली वाऱ्याने आडवी होतात.

आता चिराई. मध्यावर 30 सेंमी व्यास आणि 4 मीटर लांबीचा ओंडका म्हणजे साधारण 0.28 घनमीटर. ओला असताना त्याचं वजन 230 ते 250 किलोच्या घरात जातं, आणि त्यातून चिरलेलं लाकूड ढोबळमानाने निम्मं निघतं. चेनसॉ ओंडक्यावर सरळ धरणाऱ्या चौकटीने चिरलंत तर प्रत्येक काप 8 ते 10 मिमी खातो, म्हणजे 25 मिमीच्या तीन फळ्यांमागे जवळपास एक फळी भुशात. बँडसॉचा, म्हणजे पातळ पट्ट्याच्या करवतीचा, काप 2-3 मिमीचा. म्हणून जाड तुळया चेनसॉवर चालतील, फळ्यांसाठी फिरती बँडसॉ मिल भाड्याने आणा.

तुळईची एक जुनी सुतारी युक्ती मला फार आवडते. ओंडक्याच्या तोंडावर व्यासाची रेघ मारा, तिचे तीन समान भाग करा. एका बिंदूतून काटकोनात वर रेघ न्या, दुसऱ्यातून खाली. त्या रेघा कडेला जिथे भेटतात ते दोन बिंदू व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडले की त्या ओंडक्यातली सगळ्यात मजबूत तुळई आखून मिळते. 30 सेंमीच्या ओंडक्यात ती साधारण 17 × 24 सेंमीची होते. त्याच ओंडक्यातला 21 × 21 चा चौरस जास्त लाकूड खातो, आणि वाकण्याला मात्र कमी ताकदीचा ठरतो.

चिरल्या दिवशीच थर लावा. खाली जमिनीपासून हातभर उंची, प्रत्येक थरात 25 मिमीच्या कोरड्या पट्ट्या, दर 50-60 सेंमीवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकीखाली एक. पट्टी जरा सरकली की फळीला तिथेच बाक येतो. टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. वर छप्पर आणि वजन, बाजू वाऱ्याला मोकळ्या, ऊन नको. किती दिवस, याचं उत्तर हवेवर आहे. एक फळी खुणेची ठेवा आणि दर पंधरवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की उघड्या हवेत जेवढी वाळायची तेवढी वाळली.

तर ओलं चालतं का? सांगाड्याला चालतं. जाड खांब-तुळया पूर्ण वाळायला काही वर्षं लागतील, तोवर कोण थांबणार? ओल्यातच सांधे करून लाकडी खुंट्या ठोका, पण खुंट्या वाळलेल्या लाकडाच्या हव्यात. खांबाला भेगा पडतील, त्यांना घाबरू नका. बाहेरच्या फळ्या ओल्या लावायच्या तर एकीवर एक भरपूर चढवा आणि प्रत्येक फळीला एकाच कडेने खिळा मारा, म्हणजे आटताना ती फाटणार नाही. दारं, खिडक्या आणि जमिनीची फळी यांना मात्र हे लाकूड छपराखाली वाळल्यावरही थेट वापरू नका, ते आधी आतल्या कोरड्या हवेत काही आठवडे ठेवा.