मुंबईत मुलीला पहिलीत घालताना शाळेला सुरक्षेबद्दल नेमकं काय विचारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार, तुम्ही दोघंही नोकरीला, घर घाटकोपरला आणि ऑफिसं लांब. पालकांच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी ‘उद्या शाळांना सुट्टी’, ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ असे निरोप येतात आणि जीव टांगणीला लागतो. मग शाळेत जाऊन विचारायचं तरी काय?

मी मुंबईत वीस वर्षांहून जास्त काळ प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आहे. माझ्या अनुभवावरून सांगते, सगळ्यात आधी हे विचारा: ‘शाळा सुटल्यावर माझ्या मुलीला कोणाच्या हातात देता, आणि ते कुठे लिहून ठेवता?’ कॅमेरे किती, वॉचमन किती, हे नंतर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचे मुख्याध्यापक अडखळले, तर बाकीच्या उत्तरांवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. २६ जुलै २००५, मंगळवार. तेव्हा मी कुर्ल्याच्या एका शाळेत नवीन होते, दुसरीचा वर्ग, दुपारचं सत्र. दोनच्या सुमाराला पाऊस वाढला. चारपर्यंत मैदानात गुडघाभर पाणी. काही पालक गेटवर येऊन ‘सोडा मुलांना लवकर’ म्हणून ओरडत होते, आणि आम्हा तरुण शिक्षिकांनाही तेच बरोबर वाटत होतं. आमच्या मुख्याध्यापिका बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी गेट लावून घेतलं, तळमजल्याचे वर्ग वर नेले आणि जिन्याच्या चौकात एक टेबल टाकून फुलस्केप वही ठेवली. मुलाचं नाव, वर्ग, नेणाऱ्याचं नाव, नातं, वेळ, सही. याशिवाय एकही मूल खाली जाणार नाही, अगदी ओळखीचे शेजारी आले तरी. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे कुलाब्याजवळ फोर्टात ऑफिसात बसलेल्या आईबापांना कुर्ल्यात काय चाललंय याचा अंदाजच नव्हता. दिवे गेले, फोन गेले. पोषण आहाराचा तांदूळ होता, त्याची खिचडी झाली, आणि पन्नासेक मुलं रात्री बाकांवर झोपली.

त्या वहीवर काही वेळ मी बसले होते. जिन्याचं छत ठिबकत होतं, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात माझं शाईचं पेन. माझ्याच वर्गातल्या एका मुलीला चाळीतल्या शेजारीण मावशी घेऊन गेल्या. मी नोंद केली, सही घेतली. रात्री साडेअकराला त्या मुलीची आई फोर्टहून चालत, अर्धी भिजून अर्धी वाळून, थेट शाळेत आली. घरी गेलीच नव्हती. वही उघडली तर त्या ओळीवर पाणी पडून शाई फुटलेली. ‘...कर’ एवढीच अक्षरं आणि निळा डाग. मला त्या मावशींचं नाव आठवेना. पन्नास-साठ माणसं डोळ्यासमोरून गेली होती. ती आई पहाटेपर्यंत त्या जिन्यावर बसून राहिली. रडली नाही, माझ्यावर ओरडली नाही, फक्त दर थोड्या वेळाने विचारायची, ‘बाई, निळी साडी होती का हो?’ मुलगी सुखरूप होती, त्यांच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर झोपलेली. पण ती रात्र मी आजही विसरलेली नाही, आणि पावसाळ्यात माझ्या टेबलावर शाईचं पेन नसतं.

आता तुमच्या सुट्टीच्या निरोपांबद्दल. मुंबईत पावसामुळे शाळांना सुट्टी द्यायची की नाही, ते महापालिका जाहीर करते. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला म्हणजे सुट्टी झालीच, असं नसतं. शिवाय इथे बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे निर्णयही सत्रापुरता असू शकतो. ८ जुलै २०२४ ला रात्री एक ते सकाळी सात या वेळात काही भागांत ३०० मिलिमीटरवर पाऊस झाला, तेव्हा आधी फक्त सकाळच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली. १८ ऑगस्ट २०२५ ला उलटं झालं: सकाळची मुलं शाळेत पोचलेली होती आणि सुट्टी दुपारच्या सत्राला मिळाली. त्याच दिवशी माटुंग्यात पाण्यात अडकलेल्या स्कूल बसमधून पोलिसांनी मुलांना बाहेर काढलं. म्हणून निरोप वाचताना कोणतं सत्र म्हटलंय ते आधी पाहा, आणि तारखेबरोबर वार जुळतो का ते पाहा. दरवर्षी जुनी पत्रकं नव्याने फिरतात, आणि ती बहुतेक वेळा वारावरून पकडता येतात.

शाळेला विचारा की अधिकृत निरोप कुठून येतो: एसएमएस, शाळेचं ॲप, की ज्यात फक्त शाळेला लिहिता येतं असा ग्रुप. त्या एका जागेखेरीज कुठूनही आलेला निरोप पुढे ढकलू नका. ‘टोळी’वाले तर अजिबात नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेपायी गावकऱ्यांनी पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. संशयास्पद काही दिसलंच तर ११२ ला फोन करा, ग्रुपवर फोटो टाकू नका.

आणि पाऊस शाळा भरलेली असताना कोसळला तर? तुम्हाला हे ऐकायला कठीण जाईल, पण धावत सुटू नका. तुमची मुलगी पहिल्या मजल्यावर कोरडी बसलेली आहे, आणि तुम्ही लोकलमध्ये शीव-कुर्ल्याच्या मध्ये अडकणार आहात. भरतीची वेळ पाहा. साडेचार मीटरवर भरती असली की शहरातलं पाणी समुद्रात जायला वाटच नसते, उलट समुद्राचं आत येऊ नये म्हणून झडपा लावाव्या लागतात. त्यात मोठा पाऊस आला की हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे भरतात. ओहोटी लागली आणि पावसाने दम घेतला की पाणी उतरू लागतं. ते दोन-तीन तास मुलीने शाळेतच काढलेले बरे. २९ ऑगस्ट २०१७ ला शहरातले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. कमरेएवढ्या पाण्याखाली काय आहे ते मोठ्या माणसालाही दिसत नाही, सहा वर्षांच्या मुलीचं काय घेऊन बसलात. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६, तो आजच फोनमध्ये घाला. शाळेला मात्र आधीच विचारून ठेवा: उशीर झाला तर मुलांजवळ कोण थांबतं, खायला काय असतं, दिवे गेले तर काय?

बस किंवा व्हॅन लावणार असाल तर महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी वेगळे नियम आहेत. मुलींसाठी बसमध्ये बाई सहायक हवी, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक हवं, आणि शाळेत परिवहन समिती हवी, ज्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. बसमधल्या मावशी शेवटच्या स्टॉपनंतर मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघतात का, हेही विचारा. लहान मुलं झोपतात, खाली सरकतात, पुढून दिसत नाहीत. व्हॅनवाले काका स्वस्त पडतात म्हणून आठ जणांच्या जागेत चौदा मुलं कोंबली जातात. ते चालवून घेऊ नका, काका कितीही चांगले असोत.

ज्या विषयावर पालक माझ्याशी आवाज खाली करून बोलतात, त्याकडे येते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, आरोपी तिथलाच सफाई कर्मचारी होता, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांना कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती याबद्दल कडक आदेश दिले. ही समिती मुलींच्या सुरक्षेसाठी असते आणि तिचा शासन निर्णय २०२२ पासूनच होता. तुम्ही शाळेत गेलात की समितीतल्या लोकांची नावं फलकावर आहेत का बघा. लहान मुलींना शौचालयात न्यायला बाईच असते का, हे थेट विचारा. संकोच करू नका, चांगल्या शाळेला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही. पडताळणी कंत्राटी माणसांचीही झाली आहे का ते विचारा. सफाईवाले, बसचालक, डागडुजीला आलेले कामगार, यांची कागदपत्रं बऱ्याचदा ‘एजन्सीकडे आहेत’ असं सांगितलं जातं.

घरी मुलीला अवयवांची खरी नावं शिकवा, लाडाची नकोत. ‘आईला सांगू नको’ असं जो कोणी म्हणेल, त्याचं म्हणणं त्याच दिवशी आईला सांगायचं, एवढा नियम तिला पाठ असू द्या. आणि देव न करो, तिने कधी काही सांगितलंच तर तिला चार जणांसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, कपडे धुऊ नका, आणि पोलिसांकडे जा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडपली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण आपसात बघू’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. मुलीचा जबाब तुमच्या घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आगीबद्दल एकच करा. पालकसभेच्या दिवशी मागच्या जिन्याने एकदा खाली उतरून या. जिन्यात मोडकी बाकं, स्नेहसंमेलनाचे पडदे, रद्दी आहे का? खालचं दार आतून उघडतं की त्याला कुलूप आहे? १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली. स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि मुलांना बाहेर पडायला अरुंद जिना होता. आपल्याकडच्या कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते विचारा, पण जिना स्वतः पाहा.

शेवटी तुमच्याकडून शाळेला काय लागतं, ते सांगते, कारण याबाबतीत चुका पालकांच्याही होतात. माझ्या वर्गात दर वर्षी चार-पाच नंबर बंद निघतात. सिम बदललं, शाळेला सांगितलं नाही. मुलीला नेऊ शकतील अशा तिघांची नावं, फोटो आणि नंबर शाळेत लेखी द्या, त्यातला एक माणूस शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारा असावा, ज्याला लोकल लागत नाही. त्याला एकदा वर्गशिक्षिकेला भेटवून आणा. ऐन वेळी फोनवर ‘माझ्या मित्राला पाठवतोय, सोडा तिला’ असं म्हणू नका. बाईंनी नाही म्हटलं तर रागावू नका. मुलीबरोबर एक परवलीचा शब्द ठरवा, तो न सांगणाऱ्याबरोबर तिने जायचं नाही. आमच्या वर्गातल्या एका पोरीचा शब्द ‘सोलकढी’ होता, आणि एकदा तिने सख्ख्या मामाला गेटवर दहा मिनिटं उभं केलं होतं.

हीच तीन नावं आणि नंबर तिच्या डायरीच्या पहिल्या पानावरही लिहा. बॉलपेनने लिहा, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा.